उरलेल्या पांढऱ्या बलकाचे पक्वान्न

नाताळात गोमंतकीय घरी थरांची बेबिंका होते, तेव्हा अंड्यांचा पिवळा बलक कामी येतो आणि पांढरा उरतो. तो टाकणे म्हणजे मेरँग हे दुसरे पक्वान्न दवडणे होय.

पांढरा बलक स्वच्छ, कोरड्या भांड्यात फेटावा. त्यात पिवळ्याचा वा तुपाचा अंश राहिल्यास फेस उभा राहत नाही. फेस येऊ लागताच एका अंड्यास सुमारे ५० ग्रॅम पिठीसाखर चमचा-चमचा घालावी. फेसाची टोके ताठ राहिली, की त्याच्या चकत्या थापून १०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दीड तास ठेवाव्यात. त्या भाजावयाच्या नसून वाळवावयाच्या असतात. गार होताच त्या हवाबंद डब्यात भराव्यात.

चकत्यांमध्ये फेटलेल्या सायीचे थर मात्र वाढतेवेळीच द्यावेत. ओलाव्याने साखर विरघळते व चकत्या मऊ पडतात.