लिलावाचे यश : वऱ्हाडच्या कापूस-बाजारावरून एक विवेचन

लिलाव यशस्वी झाला असे केव्हा म्हणावे? पुकारा होऊन मालास चढा भाव मिळाला म्हणजे लिलाव साधला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. पुकारलेला भाव आणि विक्रेत्याच्या पदरी अखेर पडणारी रक्कम या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांतील अंतर जितके कमी तितका लिलाव यशस्वी, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. नाणी व टपाल-तिकिटे यांचे संग्राहक आज आंतरजालावर आपसांत जे लिलाव चालवितात, त्यांसही हे प्रतिपादन लागू पडते. परंतु त्याचा बोलका पुरावा आपल्या अकोला-अमरावतीकडील कापूस-बाजाराच्या इतिहासातच सापडतो.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली आणि १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचल्यावर हा कापूस मुंबईच्या व्यापाराशी घट्ट जोडला गेला. १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार स्थापन झाला. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरविणे, दलाल व मापारी यांस परवाने देणे, वजनांवर देखरेख ठेवणे ही कामे त्यान्वये बाजार-समितीकडे आली. यांपैकी एकही काम बोलीशी प्रत्यक्ष संबंधित नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याचे कारण व्यवहाराच्या क्रमात आहे. शेतकरी कापसाची गाडी बाजारात उभी करतो. खरेदीदार मूठभर कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी व रुईचा उतारा यांचा अंदाज बांधतो आणि भाव ठरतो. पुढे गाडी जिनात जाते. तेथे ती रिकामी होत असता, खालचा माल ओला किंवा कवडीचा निघाला असे सांगून भाव पाडता येतो. काट्यावर कडता धरता येतो. गाडी भरलेली असेपर्यंत शेतकऱ्यास 'देत नाही' असे म्हणता येते. कापूस ढिगात मिसळला की तो नकार संपतो. सौद्याचे वजन ज्या क्षणी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे झुकते, तो क्षण बोलीनंतरचा आहे.

खरेदीदाराची शंका नेहमीच खोटी असते, असे मात्र नव्हे. पाणी मारलेला कापूसही बाजारात येतो. मालाचा खरा गुण एकाच पक्षास ठाऊक असेल, तर दुसरा पक्ष वाईटाची शक्यता धरून आधीच कमी भाव देतो आणि प्रामाणिक विक्रेत्याचे नुकसान होते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. मालाचे खरे वर्णन ही म्हणूनच विक्रेत्याच्याच हिताची गोष्ट होय.

आता बोलीच्या रीतीकडे वळू. भारतातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती. कोणी किती देऊ केले हे फक्त दलालास कळे. उघड लिलावाने हा पडदा दूर केला. तथापि उघडपणा हा सर्व दोषांवर उपाय नव्हे. खरेदीदार मोजकेच असतील व त्यांचे संगनमत असेल, तर उघड बोलीत ठरलेला शब्द कोणी मोडला हे त्यांस तत्काळ दिसते. त्यामुळे संगनमत उलट बळावते. अशा वेळी विक्रेत्याने आधी ठरविलेली किमान किंमत आणि नकाराचा हक्क हेच त्याचे रक्षण होय.

विल्यम विकरी यांनी १९६१ साली एका निराळ्या रीतीची मीमांसा केली : बोली बंद पाकिटात, माल सर्वांत मोठ्या बोलीस, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाची. या रीतीत वस्तूचे आपणास वाटते तेच मोल लिहिणे श्रेयस्कर ठरते. विशेष हे की, अमेरिकेतील टपाल-तिकिटांचे विक्रेते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टपालाने असे लिलाव करीत होते. पण पाकिटे एकट्या लिलावकर्त्यानेच पाहिली, तर दुसऱ्या क्रमांकाची खोटी बोली घुसविणे त्यास सहज शक्य असते. रीत बदलली तरी पंच कोण हा प्रश्न कायम राहतो.

वऱ्हाडातही तो राहिला. १८९७ च्या कायद्याखालील समित्यांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते. शेतकऱ्यांस प्रतिनिधित्व नव्हते. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषि-उत्पन्न पणन कायद्याने समित्यांत शेतकऱ्यांस बहुमत दिले. पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेत बोलीची जागा प्रतवारीनुसार ठरलेल्या दराने घेतली. तरी प्रत कोणी ठरवावी, हा वाद उरलाच. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषि बाजार योजनेत बोली संगणकावर लागते. मालाची तपासणी व वजन मात्र प्रत्यक्षच करावे लागते.

संग्राहकांनी यावरून काय घ्यावे? एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, टांकसाळीतील एखादे मोगल नाणे लिलावास काढावयाचे असेल, तर त्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे व दोष आधी सांगावेत. बोलीची रीत व मुदतीची घटका जाहीर करून ती मध्येच बदलू नये. पैसे केव्हा द्यावयाचे, नाणे केव्हा पाठवावयाचे आणि वर्णनाशी न जुळल्यास ते किती दिवसांत परत घ्यावयाचे, हे बोलीपूर्वी ठरवावे. लिलाव चालविणाऱ्याने स्वतः बोली लावू नये. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. त्याच्या व्यापारास परवाना लागतो व खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही, याचे भान ठेवावे.

तात्पर्य, बोली हा लिलावाचा दर्शनी भाग होय. लिलाव टिकतो तो तपासणी, तोल, चुकारा आणि निःपक्ष पंच यांवर. पहिल्या वर्षी फसलेला शेतकरी पुढील हंगामात गाडी दुसऱ्या बाजारात नेतो. फसलेला संग्राहक पुन्हा बोलीच लावीत नाही. बोली लावणारे घटले की भाव आपोआप उतरतो, आणि त्या तोट्यात प्रामाणिक विक्रेताही सापडतो.