तळं हिरवं झालंय? आधी नाला शोधा!

रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायची, शालिनी पॅलेसच्या बाजूला एक फेरी मारायची आणि मावळतीचा फोटो स्टोरीला टाकायचा. कोल्हापुरात शिकणाऱ्या कुणालाही हा कार्यक्रम वेगळा सांगावा लागत नाही. पण याच रंकाळ्याचं पाणी काही वर्षांपूर्वी इतकं हिरवं झालं होतं, की फिरायला येणारे नाकाला रुमाल लावून चालायचे. तुमच्या गावातल्या तळ्यावरही उन्हाळ्यात अशी साय धरलेली तुम्ही पाहिली असेल. जणू कुणी हिरव्या ऑइलपेंटचा डबाच ओतलाय!

ही साय कसली?

आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो. पण बऱ्याचदा ते असतं नीलहरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नावात शेवाळ असलं तरी हे जिवाणू आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ते वर तरंगतात आणि सगळं ऊन स्वतःच खातात. खालच्या वनस्पती अंधारात मरतात. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, पण श्वसन चालूच. त्यात मेलेली साय कुजायला लागते आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो. म्हणूनच मेलेले मासे बहुतेक वेळा पहाटे दिसतात.

याहून गंभीर गोष्ट विषाची. यातल्या काही प्रजाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर घाव घालतं आणि पाणी उकळूनही जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात हे विष थेट नळाच्या पाण्यात आलं. सुमारे पाच लाख लोकांना ‘पाणी पिऊ नका, उकळूनही नका’ असं सांगावं लागलं. शेजारी एरी सरोवर तुडुंब भरलेलं, आणि दुकानांत बाटल्यांसाठी झुंबड!

खत कोण घालतंय?

कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक भारी प्रयोग केला. ‘लेक २२६’ नावाचं तळं मध्ये पडदा घालून दोन भागांत वाटलं. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, पण फॉस्फरस फक्त एकीकडे. तोच भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. हा फरक विमानातून काढलेल्या फोटोतही स्पष्ट दिसतो.

आपल्या तळ्यांत फॉस्फरस येतो कुठून? सांडपाण्यातून, काही डिटर्जंटमधून, शेतातून वाहून आलेल्या खतातून, जनावरांच्या शेणातून आणि कुजणाऱ्या निर्माल्यातून. एकदा आला की तो गाळात साठून राहतो आणि पुढची कित्येक वर्षं थोडाथोडा वर येत राहतो.

मलमपट्टी की इलाज?

साय दिसली की औषध मारा, कारंजी लावा, अशी मागणी लगेच होते. मोरचूद टाकला की साय मरते, हे खरं. पण पेशी फुटतात तेव्हा आतलं विष पाण्यात मोकळं होतं, फॉस्फरसही तिथेच राहतो. कारंज्यांनी ऑक्सिजन वाढतो, पण नाला चालूच असेल तर काय उपयोग? गाळ काढणं गरजेचं आहे, पण नाला वळवल्यानंतर. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे हे!

नाला वळवला की काय होतं, ते सिएटलच्या लेक वॉशिंग्टनने दाखवलं. १९५५ मध्ये तिथे नीलहरित शेवाळ सापडलं. एडमंडसन या प्राध्यापकांनी धोका लोकांपर्यंत पोचवला. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदान करून सांडपाण्याच्या व्यवस्थेला मंजुरी दिली. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी वळवलं गेलं. काही वर्षांतच पाण्याची पारदर्शकता तिपटीने वाढली. यात जादू नव्हती, पाइपलाइन होती.

तुम्ही काय करू शकता?

रविवारची स्वच्छता मोहीम, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट हे सगळं ठीक आहे. प्लास्टिक निघतं, पण फॉस्फरस हाताने वेचता येत नाही. त्यामुळे त्याच्या जोडीला एवढं करून बघा.

पहिलं, बरणीची चाचणी. हातमोजे घालून काचेच्या बरणीत तीन-चतुर्थांश पाणी घ्या, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. (बरणीवर लेबल लावा, नाहीतर घरचे ओरडतील!) हिरवा थर वर जमला तर नीलहरित शेवाळाची शक्यता जास्त. हा फक्त इशारा. विष आहे की नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. तोवर त्या पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना आणि गुरांना पाजू नका.

दुसरं, सेकी डिस्क. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. दर पंधरा दिवसांनी, वर्षभर.

तिसरं, नाल्यांचा नकाशा. पावसाळा नसताना तळ्यात जे पाणी वाहत येतंय, ते कुठून येतंय? फोटो काढा, तारीख टाका आणि माहितीच्या अधिकारात पालिकेला विचारा, की हा नाला कधी वळवणार?

कोल्हापूरने मूर्तिदान आणि काहिलीतलं विसर्जन आपलंसं करून दाखवलंय. म्हणजे लोक सवय बदलतात. आता नाल्याबद्दलही विचारायला हवं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायला हवं.