भाकरीमागचा कडबा

पूर्वज जे खात होते ते खा, हा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांसाठी वाहिले, तेव्हापासून शहरांतल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे, ज्वारीचा पास्ता यांची रांग लागली आहे. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पूर्वजांच्या ताटातली भाकरी एका शेतीव्यवस्थेतून येत होती. ती व्यवस्था मोडू देऊन तिच्यातले एकच धान्य पाकिटात भरून आणले, तर खाणाऱ्याचे थोडे भले होईल, जमिनीचे होणार नाही.

ही व्यवस्था समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्यातली रब्बी ज्वारी पाहावी. मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानांत ती पावसाळा सरत आल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. ज्वारीला पूर्ण वाढीसाठी साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १५०० ते २५००. पाण्याची ओढ असलेल्या मुलखात एवढा एक फरक पुरेसा बोलका आहे. इथले प्रसिद्ध वाण म्हणजे मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेले ‘एम ३५-१’ आजही शेतकरी पेरतात. नवी वाणे आली तरी ते टिकले, याचे मोठे कारण दाण्याइतकेच ताटात, म्हणजे कडब्यात आहे. उंच, गोडसर, जनावरे आवडीने खातात असा कडबा. दाणा माणसाला, कडबा बैलाला आणि म्हशीला, शेण परत रानाला. ज्वारीच्या काकऱ्यांमध्ये करडईचे पाटे, शेजारी हरभरा, बांधाला तूर. भाकरी, तेल, डाळ आणि ताक एकाच रानातून निघत. दुष्काळी वर्षात कधी दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे जास्त होत.

ही घडी लोकांची चव बदलली म्हणून विसकटली, असे म्हणणे अन्यायाचे आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपात उत्पादन वाढले. मात्र ऐन काढणीत पाऊस झाला की कणसे काळी पडत आणि अशा दाण्याला बाजारात भाव नसे. पुढे ती राने सोयाबीन आणि कापसाकडे गेली. कालवा पोचला तिथे ऊस आला, ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले. आणि रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळच मिळत राहिला. मजुरी करणाऱ्या घराने महाग ज्वारी घ्यावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? १९६०च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन होती. आता ती ४० लाखांच्या आसपास आली आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, पूर्वज जे खात होते ते आरोग्याचे होतेच कशावरून? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळत असे. त्यात कातडी करपल्यासारखी होते, जुलाब लागतात आणि मेंदूवरही परिणाम होतो. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी जोडला. त्या कारणमीमांसेवर पुढे वाद झाला, पण नुसत्या ज्वारीवर जगणारे शरीर आजारी पडते, हे तर दिसलेच होते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीतून मिळते. म्हणजे भाकरीबरोबर पिठले, मटकी, हुलग्याचे माडगे, पालेभाजी आणि ताक असेल तेव्हाच ते जेवण पुरे होते. ज्याच्याकडे जमीन आणि जनावर होते, त्याला हे जेवण मिळे. ज्याच्याकडे नव्हते, त्याच्या वाट्याला कोरडी भाकरी आणि मिरची. तेव्हा परत आणायचे ते सगळे ताट, आणि तेही प्रत्येकासाठी.

दुसरा आक्षेप कष्टांचा. रब्बी ज्वारी हाताने उपटायची, कणसे खुडायची, पेंढ्या बांधायच्या, हे काम करायला आता माणसे मिळत नाहीत. यंत्राला सोपे म्हणून बुटके वाण घेतले तर कडबा घटतो. म्हणून उंच ताटांची कापणी करणारे स्वस्त, लहान यंत्र ही खरी गरज आहे. घरातही तेच. ज्वारीचे पीठ साठवले की विरी जाते, भाकरी थापताना तुटते. ताजे दळण आणायचे, चुलीपुढे बसायचे, हे ओझे बाईवर असे, आणि तिने ते खाली ठेवले असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. सोलापुरात बायकांच्या गटांनी टिकाऊ कडक भाकरी विकायला घेतली आहे. घरातले बिनमोल काम तिथे रोजगार झाले.

तिसरा आक्षेप सर्वांत जड: हेक्टरी साधारण दहा क्विंटल देणारे पीक एवढ्या लोकांना पोसणार कसे? पंजाबच्या ओलिताच्या गव्हाशी तुलना केली तर ज्वारी हरतेच. पण मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानाला तो गहू मुळात शक्यच नाही. तिथे तुलना करायची ती त्याच पाण्यात दुसरे काय येते याच्याशी, आणि हिशेबात कडबाही धरायचा. हमीभावाचे पाहा: २०२४-२५ साठी मालदांडीला क्विंटलमागे ३,४२१ रुपये जाहीर झाले, संकरित ज्वारीपेक्षा अवघे ५० जास्त. गव्हाच्या हमीभावापेक्षा हा आकडा मोठा आहे, पण गव्हामागे सरकारी खरेदीची जी ताकद उभी असते ती ज्वारीमागे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. कर्नाटकाने ज्वारी आणि नाचणी हमीभावाने घेऊन रेशनवर दिली, ओडिशाने २०१७ पासून नाचणीसाठी मोहीम चालवली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती मार्चमध्ये सरकारने तिथेच विकत घ्यावी आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या जेवणात तुरीच्या डाळीसह द्यावी. एवढे व्हायला नवा कायदा लागत नाही.