बार्बेरियनची ब्रँच कोणती?



सेवाग्राम इथून इतकं जवळ, आणि मी पिपरी मेघेत बसून कुऱ्हाडीने राक्षस मारण्यावर लेख लिहितेय. बापू माफ करा. दुसरी माफी मराठीची. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'निष्णात' हा शब्द मी काल रूमीला विचारून लिहिला. चुका पोटात घाला.

तर विषय असा. आमच्या होस्टेलमध्ये रविवारी दुपारी चार लॅपटॉप, एक जुना स्विच आणि चार केबल्स जोडून 'डायब्लो टू' चालतो. हा गेम जून २००० चा, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या जन्माआधीचा. दादाने इंजिनिअरिंगला असताना घेतलेल्या सीडी त्याने मला दिल्या. २०२१ मध्ये 'रिझरेक्टेड' नावाने याची चकाचक आवृत्ती आली, पण तिच्यात आपसांत केबल जोडून खेळायची सोयच काढून टाकलीय. शिवाय आमच्या लॅपटॉप्सना तिचा भार झेपत नाही. म्हणून आपला जुनाच बरा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे आपण एक पात्र घ्यायचं, राक्षस मारत अनुभव मिळवायचा आणि लेव्हल वाढवत न्यायची. मूळ गेममध्ये ५ पात्रं होती, २००१ च्या 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' या पुरवणीत २ वाढली. मी घेते तो बार्बेरियन, म्हणजे डोंगरातला आडदांड योद्धा. दर लेव्हलला एक स्किल पॉइंट मिळतो आणि काही ठरावीक कामगिऱ्या केल्या की जास्तीचे मिळतात. एका स्किलमध्ये जास्तीत जास्त २० पॉइंट टाकता येतात. स्किल्स एकूण ३०. आता हिशोब करा. ७० व्या लेव्हलला ६९ पॉइंट, अधिक नॉर्मल आणि नाइटमेअर या दोन पायऱ्यांवरच्या कामगिऱ्यांचे ८. झाले ७७. स्किल्स ३० आणि पूर्ण भरता येतात जेमतेम तीन! म्हणजे ब्रँच निवडावीच लागते.

मी काय केलं? कॉन्व्हेंटच्या रिपोर्ट कार्डसारखं सगळ्या विषयांत थोडंथोडं. पंधरा स्किल्समध्ये पाच-पाच पॉइंट. नॉर्मलमध्ये मजा आली, नाइटमेअरमध्ये दम लागला आणि 'हेल'मध्ये पाऊल टाकलं तर पहिल्याच मैदानात लोळले. सारखी मरायची, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या पोरीही मरायच्या. आर्वीची माझी रूमी सॉर्सेरेस खेळते. तिला दोन बाण लागले की संपली. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तू समोर उभी रायते, पण काही होऊनच नाही रायलं बे. आम्ही तिघीच खेळतो आता." हसत म्हणाली, पण मला लागलं. फर्स्ट इयरपासूनचा आमचा रविवार होता तो.

रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या वेळी पॉइंट दिला की दिला. चुकलं तर पहिल्या लेव्हलपासून नवीन पात्र. मी चार बार्बेरियन वाया घालवले." २०१० मध्ये १.१३ चा पॅच आला आणि त्यात सोय झाली. पहिल्या गावातल्या अकाराची 'डेन ऑफ ईव्हल' ही कामगिरी केली की ती एकदा सगळे पॉइंट परत देते. नॉर्मल, नाइटमेअर, हेल मिळून तीन वेळा. पुढे एक टोकन बनवूनही हे करता येतं, पण त्याचं साहित्य हेलच्या बड्या राक्षसांकडेच असतं. ते माझ्या हाती कुठून लागणार? तेव्हा माझ्याकडे न वापरलेल्या दोन संधी होत्या, नॉर्मलची आणि नाइटमेअरची. ठरवलं, यावेळी आधी कागदावर मांडायचं.

बार्बेरियनची स्किल्स तीन पानांवर असतात: लढाईचे वार, शस्त्रांवरची हुकूमत आणि आरोळ्या. त्यातून मुख्य रस्ते निघतात ते असे.

पहिला व्हर्लविंड. भोवऱ्यासारखं फिरत गर्दीतून जायचं. दिसायला एक नंबर! पण ३० व्या लेव्हलशिवाय मिळत नाही आणि एकदा फिरायला लागलात की ठरवलेल्या जागी पोचेपर्यंत थांबता येत नाही. ज्याचं शस्त्र आधीच दमदार आहे त्याने घ्यावा.

दुसरा फ्रेन्झी. दोन हातांत दोन शस्त्रं, आणि लागलेल्या प्रत्येक वाराने तुमचा वेग वाढत जातो. ज्यांना एका जागी बसवत नाही त्यांच्यासाठी. अडचण अशी की शस्त्रं दोन लागतात, आणि ती वेगवेगळ्या जातीची असतील तर हुकूमतीचे पॉइंटही दोन ठिकाणी वाटले जातात.

तिसरा बर्सर्क. यात वाराचा मारा जादूचा होतो, म्हणून साध्या वाराला दाद न देणारे राक्षसही पडतात. हेलमध्ये असे बरेच भेटतात. बदल्यात तुमचा बचाव थोडा वेळ शून्यावर येतो. मुख्य रस्ता कुठलाही घ्या, यात एक पॉइंट ठेवाच. नाहीतर एखादा राक्षस समोर येतो आणि आपण नुसते बघत राहतो.

चौथा कॉन्सन्ट्रेट. एका शत्रूवर एक पक्का वार. मधे कोणी मारलं तरी तो वार तुटत नाही, आणि वार करताना बचावही वाढतो. दिसायला अगदी साधा. कोणी तुमच्या स्क्रीनकडे बघून 'वा' म्हणणार नाही.

पाचवा आरोळ्यांचा. यातली 'बॅटल ऑर्डर्स' ही आरोळी तुमच्यासकट जवळच्या सगळ्या साथीदारांचं लाइफ आणि माना वाढवते. एका पॉइंटला ३५ टक्के, पुढे प्रत्येक पॉइंटला ३ टक्के. म्हणजे २० पॉइंटला ९२ टक्के! मी हे पान कधी नीट बघितलंच नव्हतं. 'ओरडण्यात कसले पॉइंट घालवायचे?' असं वाटायचं.

आता खरी गोम. ऑक्टोबर २००३ च्या १.१० पॅचपासून काही स्किल्स एकमेकांना बळ देतात. बॅटल ऑर्डर्समधला प्रत्येक पॉइंट कॉन्सन्ट्रेटचा मारा १० टक्क्यांनी वाढवतो. पूर्ण २० टाकले की २०० टक्के. म्हणजे मैत्रिणींना जिवंत ठेवायला जे पॉइंट दिले, तेच माझ्या वारात येतात! हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी पलंगावर उठून बसले.

माझा ७७ चा हिशोब असा झाला. कॉन्सन्ट्रेट २०, बॅटल ऑर्डर्स २०, शस्त्राची हुकूमत २०. तिथपर्यंत पोचायला वाटेतले बॅश, स्टन, हाउल आणि शाउट, प्रत्येकी १. बर्सर्क १. आयर्न स्किन १ आणि आग-वीज-थंडी-विष सोसण्यासाठी नॅचरल रेझिस्टन्स ४. उरलेले ७ शाउटमध्ये, कारण त्याने बॅटल ऑर्डर्स जास्त वेळ टिकते. दर लेव्हलला आणखी ५ पॉइंट शरीराचेही मिळतात, तेही अकारा परत देते. त्यात स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटी हातातल्या सामानाला लागेल तेवढीच ठेवायची आणि बाकी सगळं व्हायटॅलिटीत. बार्बेरियनला तिच्या एका पॉइंटमागे ४ लाइफ मिळतं. एनर्जीत शून्य.

हुकूमत कुठल्या शस्त्राची, हा प्रश्न उरतो. तलवार, कुऱ्हाड, गदा, भाला, प्रत्येकाची हुकूमत वेगळी, आणि तलवारीची गदेला चालत नाही. हे खोटं वाटत असेल तर दांडपट्टा आठवा, ज्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राने राज्यशस्त्र केलं. त्यात मूठ खोबणीत बंद असते, मनगट वळत नाही, त्यामुळे फिरवायचा तो अख्ख्या हाताने आणि अंगाने. नुसत्या तलवारीवर तयार झालेला हात तिथे अडखळणारच. म्हणून आवडतं शस्त्र नाही, तर आज हातात असलेलं सगळ्यात चांगलं शस्त्र कोणत्या जातीचं आहे ते बघायचं. माझ्याकडे चांगली गदा होती. मला तलवार आवडते. गदा घेतली.

पुढच्या रविवारी पोरींना म्हटलं, एकच चान्स द्या. मैदानात गेलो, मी आरोळी ठोकली आणि चौघींच्या लाइफचे आकडे एकदम वर गेले. रूमीला बाण लागले. दोन, तीन, चार... आणि ती उभीच! स्क्रीनवरची नजर न हटवता ती एवढंच बोलली, "हे तू आधी काऊन नाही केलं?"

मग मी जे शिकले ते एका दमात सांगते. रस्ता निवडताना तीन प्रश्न विचारा. माझ्या चमूत काय कमी आहे? आज माझ्या हातात काय आहे? आणि माझा मुख्य वार जिथे चालणार नाही तिथे माझ्याकडे एक पॉइंटचा तरी दुसरा उपाय आहे का? 'भारी काय दिसतं' हा प्रश्न चौथा ठेवा. एकटे खेळत असाल तर पहिला प्रश्न बाद, मग खुशाल व्हर्लविंड घ्या.

आणि हो, या आठवड्यात आमचा इलेक्टिव्हचा फॉर्म भरायचाय. सगळे एकमेकांना 'तू काय घेतोस' विचारत फिरताहेत, मीही फिरतेय. फॉर्म एकदा दिला की अकारा नाही. म्हणून काल रात्री परत एक कागद घेतला आणि वर लिहिलं, आज माझ्या हातात काय आहे? अजून भरतेय.

कोणाला बार्बेरियन करायचा असेल तर रविवारी जेवण झाल्यावर मेसपाशी भेटा. केबल तुमची, आरोळी आमची!