तारखांच्या चिठ्ठीवरचे मत

मराठी वाचक सध्या काय वाचतो, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशकांच्या जाहिरातींपेक्षा सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात अधिक खात्रीने मिळते. देवघेव म्हणजे सभासदांना पुस्तके घरी नेण्यासाठी देण्याची व परत घेण्याची व्यवस्था, आणि तिचा पुरावा पुस्तकाच्या अखेरीस डकवलेल्या, परतीच्या तारखांचे शिक्के उमटलेल्या चिठ्ठीवर राहतो. एखाद्या कादंबरीची ही चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी चिकटवलेली असते, तर त्याच कपाटातल्या एखाद्या गौरवलेल्या ग्रंथाच्या चिठ्ठीवर दोन-चारच शिक्के दिसतात. संगणकीय नोंदींमुळे ही चिठ्ठी आता मागे पडत चालली आहे. सोय वाढली हे खरे, पण कोणालाही उघडून पाहता येणारा वाचकांचा कौल त्यामुळे पडद्याआड गेला.

या चिठ्ठीकडे पाहिले की ‘सध्या’ हा शब्द फार सैल वाटू लागतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ सालची, रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची, आणि कर्णाची कथा कर्णासह सहा जणांच्या तोंडून सांगणारी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. तरीही या कादंबऱ्या आज प्रथमच हाती घेणारे वाचक आहेत आणि त्यांच्या दृष्टीने ती नवीच पुस्तके आहेत. सावंतांचीच १९७९ सालची ‘छावा’ २०२५ मधील हिंदी चित्रपटामुळे पुन्हा चर्चेत आली.

जुन्याच पुस्तकांच्या या टिकून राहण्याला केवळ वाचकांची आवड कारणीभूत नाही. योगायोगाने ‘मृत्युंजय’च्याच वर्षी, १९६७ मध्ये, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि पुढे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळू लागले. खालच्या वर्गातील लहान ग्रंथालयाची रक्कम तुटपुंजी असल्याने ग्रंथपाल साहजिकच हमखास मागणी असलेले पुस्तक आधी घेतो, ते उपलब्ध असल्यामुळे पुन्हा तेच वाचले जाते, आणि अनोळखी लेखकाचा पहिला कथासंग्रह पुढच्या वर्षावर ढकलला जातो. अर्थात, मागणीच नसती तर हे चक्र इतकी वर्षे फिरले नसते, हेही मान्य करावे लागते.

समीक्षा, म्हणजे साहित्यकृतीचे निकष लावून केलेले मूल्यमापन, आणि वाचकाचे मत यांची फारकत येथेच दिसते. पौराणिक व ऐतिहासिक कादंबरीतील अलंकृत भाषेला व व्यक्तिपूजेला अनेक समीक्षकांनी नाके मुरडली, वाचकांनी मात्र त्याच गुणांसाठी ती उचलून धरली. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) वाचकांतच दोन तट पाडले. खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची तिरकस, वरवर विस्कळीत निवेदनशैली काहींना थेट स्वतःची वाटते, तर काहींना ‘यात घडते तरी काय?’ असा प्रश्न पडतो. हा प्रश्न अडाणीपणाचा मानणे हा समीक्षेचा उद्धटपणा होय, कारण कथानकाची अपेक्षा ठेवणे हीसुद्धा एक अभिरुचीच, म्हणजे घडत गेलेली साहित्यिक आवड, असते.

छापील परीक्षणे थोड्यांच्याच वाचनात येतात. बाकीचे मत तोंडी फिरते किंवा पेन्सिलीने समासात उतरते. नियमाने मनाई असूनही ग्रंथालयाच्या प्रतीत ‘सुंदर!’, ‘पाल्हाळ’ असे शेरे सापडतात, आणि क्वचित त्यांखाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘मुळीच नाही’ असे उत्तरही.