‘ळ’ न म्हणता येणारे मूल

ठाण्याहून कशेळीच्या पुलाकडे जाताना बाळकुम लागते. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. कोलशेत रस्त्यावरचे रासायनिक कारखाने, खाडीपलीकडच्या भिवंडीतले यंत्रमाग आणि पुढे कारखान्यांच्या जागी उभ्या राहू लागलेल्या इमारती यांच्यामुळे या परिसरात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा, मराठवाडा अशा अनेक ठिकाणांहून माणसे आली. त्यांची मुले पालिकेच्या शाळांत येतात.

असे एखादे मूल आपल्या वस्तीचे नाव ‘बालकुम’ असे सांगते आणि वर्ग हसतो. “याची जीभच जड”, “या लोकांना जमायचे नाही” असे शेरेही कधी कधी कानांवर येतात. शेरा साधा वाटला तरी त्यात एक वैज्ञानिक विधान दडलेले आहे : उच्चाराची, आणि पर्यायाने शिकण्याची, कुवत रक्तातून येते. हे विधान तपासून पाहू.

कान कसा घडतो?

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना त्यांनी हिंदीतील ‘ता’ आणि ‘टा’ हे आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांना मात्र तो सहज कळत होता.

याचा अर्थ असा, की जन्मतः कान सर्व भाषांना खुला असतो. घरात जे आवाज कानी पडतात ते पक्के होतात, बाकीचे मागे पडतात. प्रमाण हिंदीत आणि भोजपुरीत ‘ळ’ नाही, म्हणून गोरखपूरकडच्या मुलाला तो जड जातो. तेलुगूत ‘ळ’ आहे, म्हणून तेलंगणातल्या मुलाला तो अडत नाही. तमिळ मुलालाही ‘ळ’ येतो, पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर असल्याने ते वेगळ्याच ठिकाणी अडखळते. गोरखपूरच्याच कुटुंबातले, पण बाळकुमच्या गल्लीत मराठी मुलांबरोबर वाढलेले मूल ‘बाळकुम’ असेच म्हणेल. रक्त तेच, कान वेगळा!

नाक मोजून काय मिळाले?

माणसांची कुवत शरीराच्या मापांवरून ठरवण्याचा खटाटोप आपल्याकडेही झाला. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड मांडली होती. पुढे इरावती कर्वे बर्लिनला युजेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांत तो संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसेच नोंदवले. १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तगट व प्रथिने यांतील फरकांचा हिशेब केला. माणसामाणसांतील सुमारे ८५ टक्के आनुवंशिक फरक एकाच समाजगटातील व्यक्तींमध्ये सापडले. ज्यांना ‘वंश’ म्हटले जाते त्या मोठ्या गटांमधील फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आले. तेव्हा मूल कोणत्या प्रांतातून आले यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधायला विज्ञानात आधार नाही.

बोलणे आले, म्हणजे भाषा आली?

एक अडचण मात्र खरी आहे. स्थलांतरित मूल वर्ष-दोन वर्षांत मैदानावर छान मराठी बोलू लागते. मग गणितात चुकले की आपण म्हणतो, “भाषा तर येते, म्हणजे डोकेच नाही.” कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून जिम कमिन्स यांनी दाखवले, की बोलण्याची भाषा सुमारे दोन वर्षांत येते, पण पुस्तकाची भाषा इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. शिवाय सारखे दिसणारे शब्दही चकवतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न!

वर्गातला प्रयोग

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा असतो. हा नियम येथेही वापरता येईल. मुलाला तीन वेगवेगळ्या दिवशी हे द्या :

१. फक्त अंकांत : २१ − ९.
२. मराठी वाक्यांत : पावणेदोन डझन केळ्यांतली ९ विकली, किती उरली?
३. हेच उदाहरण त्याच्या घरच्या भाषेत, वरच्या वर्गातील मुलाकडून सांगून.

पहिले व तिसरे बरोबर आणि दुसरे चूक आले, तर मुलाला वजाबाकी येते, अडले आहे ते वाक्य. वजाबाकी पुन्हा घोटून घेऊ नका, ‘पावणेदोन’ शिकवा. तिन्ही चुकली, तर मात्र वजाबाकीकडेच वळावे लागेल.

हे निदान महत्त्वाचे, कारण त्यावर मुलाची इयत्ता ठरते. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवले, की ते लाजेने शाळा सोडण्याची भीती असते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असेही कायदा म्हणतो. ठाण्यातच तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नलवरच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. तेथे मुले राहतात तिथवर शाळाच गेली.

नव्या मुलाच्या नावापुढे ‘कच्चा’ असा शेरा लिहिण्यापूर्वी वरचा प्रयोग करून पाहावा. त्याला लागतात फक्त तीन कागद आणि त्याची भाषा जाणणारा एक मोठा विद्यार्थी.