घटस्फोटानंतर फॅमिली पेन्शन कोणाला?

नवरा केंद्र सरकारी नोकरीत, जुनी पेन्शन लागू. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट झाला आणि पुढे त्याचे निधन झाले, तर फॅमिली पेन्शन तिला मिळते का? नाही. संसार किती वर्षांचा होता, हे नियम पाहतच नाही. अमेरिकेत लग्न किमान 10 वर्षे टिकले असेल, तर घटस्फोटितेला सोशल सिक्युरिटीत हक्क सांगता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

म्हणूनच सहमतीच्या घटस्फोटात पोटगीचा आकडा ठरवताना हे नुकसान आधीच मोजायला हवे. नेमके तेच अनेकदा राहून जाते.

मुलांचा हक्क मात्र तुटत नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि विधवा मागे राहिली, तरी घटस्फोट झाला नसता तर आईला जो वाटा मिळाला असता, तो तिच्या पात्र मुलांना मिळतो. साधारणपणे वयाच्या 25 वर्षांपर्यंत. त्याआधी लग्न झाले किंवा मूल कमावू लागले, तर तेव्हापर्यंत.

कर्मचारी स्त्री असेल तर? घटस्फोटाचा किंवा घरगुती हिंसाचाराचा खटला सुरू असताना, आपल्या पश्चात पेन्शन पतीआधी मुलांना द्यावी, असे ती कार्यालयाला लेखी कळवू शकते. ही मुभा जानेवारी 2024 पासून आहे.

घटस्फोटित मुलीलाही आई-वडिलांची फॅमिली पेन्शन मिळू शकते. ती त्यांच्यावर अवलंबून असावी आणि दोघांपैकी एक तरी हयात असताना घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल झालेला असावा. हुकूमनामा नंतर आला तरी चालतो.